उघड्या डोळ्यांची प्रार्थना

आमच्या तरुण संघात प्रार्थनेला डोळे मिटायची बंदी होती. असा नियम दुसऱ्या कुठल्या ख्रिस्ती मंडळीत असेल असं मला वाटत नाही. नवीन पोरगं आलं आणि सवयीने त्याने डोळे मिटले, की एस्तेरमावशी टेबलावर टिचकी मारायची.

"डोळे उघड रे. देवासमोर झोपायला आलायस?"

पोरगं दचकायचं आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघत, लाजत, कशीबशी प्रार्थना पुरी करायचं. समोर माणूस दिसत असला की मोठमोठे शब्द सुचत नाहीत. एकदा एका मुलाला सुचले. "हे परमपवित्र, सर्वसमर्थ, अनंतकाळच्या पित्या," अशी त्याने मोठ्या सभेतल्यासारखी सुरुवात केली. मावशीने त्याला मध्येच थांबवलं.

"घरी आईशी असंच बोलतोस काय? हे परमपवित्र, सर्वसमर्थ माते, मला चहा दे?"

आम्ही पोट धरून हसलो. तोही हसला. मग तो साध्या आवाजात म्हणाला, "प्रभू, पप्पा परत प्यायला लागलेत." मावशीने त्याच्याकडे बघून नुसती मान हलवली.

शेवटची प्रार्थना ती स्वतः करायची आणि तिची सुरुवात एकाच वाक्याने व्हायची. "दानिएल, जिथं असेल तिथं." मग पुढे आजारी माणसं, परीक्षा, मिरकरवाड्याच्या बंदरातून बोटीवर गेलेले मुलांचे बाप. आम्हा लहानांना वाटायचं, ही बाई बायबलातल्या, सिंहांच्या गुहेत टाकलेल्या दानिएलसाठी अजून प्रार्थना करते. त्याला तर देवाने कधीच सोडवलं. मी एकदा हे तिला समजावूनही सांगितलं. तेव्हा मी अकरा वर्षांची होते आणि मला सगळं माहीत होतं. ती म्हणाली, "तो सुटला गो. हा दुसरा."

एस्तेरमावशी तीस वर्षं घाटावरच्या एका मिशन दवाखान्यात नर्स होती. निवृत्त झाल्यावर रत्नागिरीत परत आली आणि मांडवीकडे उतरणाऱ्या रस्त्यालगत दोन खोल्यांत एकटी राहिली. अंगाने किरकोळ, केस पांढरेशुभ्र, गुडघे गेलेले. साडी नेहमी घोट्याच्या वर. जमिनीला लागलेला पदर वॉर्डात चालत नाही, ही सवय तिने शेवटपर्यंत सोडली नाही. शनिवारी दुपारी तिच्या पुढच्या खोलीत आमचा संघ भरायचा. आधी घावने आणि काळ्या वाटाण्याची उसळ, मग वचन. हा क्रम तिने कधी उलटा केला नाही. उपाशी पोरांना पवित्र शास्त्र शिकवू नये, असं तिचं ठाम मत होतं.

माझ्या घरात पुस्तकांचं कपाट नव्हतं, पत्रकांची पिशवी होती. वडील जिथे जातील तिथून पत्रकं आणायचे. कामगारांची, प्रकल्पाच्या विरोधातली, प्रकल्पाच्या बाजूची आणि मंडळीची, येशूच्या सुवार्तेची. मी त्यांच्यावरच वाचायला शिकले. त्यामुळे जगातला प्रत्येक अन्याय चार घडीच्या कागदात मावतो आणि ठळक अक्षरांत छापला की संपतो, असं मला अगदी मोठी होईपर्यंत वाटायचं.

संघातली मुलं गुरुवारी सिव्हिल हॉस्पिटलात जायची. पहिल्याच गुरुवारी मी पिशवी भरून सुवार्तेची पत्रकं नेली. वॉर्डाच्या दारात मावशीने ती काढून घेतली.

"पेशंटच्या एका हाताला सलाईन आहे, दुसऱ्याने तो पोट धरून बसलाय. तुझा कागद तो कुठल्या हाताने धरणार?"

"मग आपण इथे कशाला आलोय?"

"त्या आजीची नखं बघ. काप."

आजी राजिवड्याच्या होत्या, मुसलमान. त्यांचा मुलगा आखातात होता आणि सून घरी तान्हं बाळ घेऊन. मी वीस बोटांची नखं कापली. आजींनी मला माझं नाव विचारलं, आईचं विचारलं, आणि सुरमई कशी घ्यायची ते सांगितलं. मी येशूचं नाव एकदाही काढलं नाही आणि घरी जाताना रागाने रडले. मला वाटलं, एक संधी फुकट गेली. पुढच्या गुरुवारी आजींनी दारातच हाक मारली, "ती नखंवाली आली काय?" मावशीने नेलकटर माझ्या हातात दिलं. तिला जिंकल्याचा आनंद दाखवायची खोड नव्हती.

एकोणिसाव्या वर्षी मी तिच्यासमोर उभी राहिले आणि जाहीर केलं, की मला देवाचं पाचारण झालं आहे. मी पूर्णवेळ सेवेत जाणार. उपदेश करणार. मंडळ्यांना जागं करणार.

ती तांदूळ निवडत होती. "बरं. तीन पावसाळे थांब."

"म्हणजे?"

"म्हणजे तीन पावसाळे. पाचारण खरं असेल तर भिजून वाहून जायचं नाय. तोवर दफनभूमीतलं रान काढायचं काम तुझ्याकडे."

"मावशी, पेत्राला प्रभूने शिष्य केलं तेव्हा तीन पावसाळे थांबायला सांगितलं होतं काय?"

"पेत्र तर प्रभूला ओळखत नाय असं तीनदा म्हणाला. तू एकदा तरी नाय म्हणून बघ."

मी म्हटलं नाही. रान काढायला मात्र गेले. आमची दफनभूमी उतारावर आहे, जांभ्या दगडाच्या गडग्याच्या कुंपणाआत. श्रावण सरेपर्यंत तिथे गवत कंबरेएवढं होतं आणि कबरी दिसेनाशा होतात. संघातली मुलं विळे घेऊन यायची, गाणी म्हणायची, विंचू निघाला की ओरडायची. मावशी सगळ्यांत खालच्या कोपऱ्यात एका कबरीपाशी एकटी बसून हाताने गवत उपटायची. त्या कबरीवर ती कुणाला विळा लावू द्यायची नाही. कबर कुणाची, हे विचारायचं धाडस मला दुसऱ्या पावसाळ्यानंतर झालं.

"दानिएलच्या आईची," ती म्हणाली.

मग तिने सांगितलं. सलग नाही सांगितलं. मध्ये गवत उपटत होती.

दवाखान्यातून सुट्टीवर आली की ती इथल्या संघाचं काम बघायची. तेव्हा चाळिशीत होती. एका वर्षी मोठं शिबिर झालं, बऱ्याच गावांच्या मंडळ्यांचं. शेवटच्या संध्याकाळी पाहुण्या उपदेशकांनी आवाहन केलं. ज्यांना आपलं आयुष्य सेवेला द्यायचं आहे त्यांनी उभं राहावं. सर्वांनी डोळे मिटा, मान खाली घाला, कुणी इकडेतिकडे बघू नका. ज्यांनी कुणी अशा सभा पाहिल्या आहेत त्यांना हे शब्द पाठ असतील. सोबत पेटी हळू वाजत राहते. इतर गावांची मुलं उभी राहिली. रत्नागिरीचं एकही नाही. उपदेशक थांबले, पुन्हा बोलले, पुन्हा थांबले. मावशीचे डोळे उघडे होते, कारण संघाच्या पुढाऱ्यांनी उभ्या राहिलेल्यांना पुढे न्यायचं असतं. तिच्या शेजारी दानिएल बसला होता. अठरा वर्षांचा, शहाणा, आईचा एकुलता.

"मला लाज वाटली गो. आपल्या गावाचा एक पण नाय. मी त्याच्या कोपराखाली हात घातला. पेशंटला उठवताना घालतो ना, तसा. थोडासाच. तो उठला."

"तो स्वतः उठला असेल, मावशी."

"मी हजारो माणसं उठवलीत. कोण आपण उठतो नि कोण उचलला जातो, ते हाताला कळतं."

सगळे डोळे मिटलेले होते, त्यामुळे कुणी पाहिलं नाही. लोकांनी डोळे उघडले तेव्हा दानिएल उभा होता. सगळे गायले. आई रडली. तो जूनमध्ये बायबल स्कूलला गेला. तिथून तो मावशीला पत्रं लिहायचा. आधी लिहिलं, मी बरा आहे. मग लिहिलं, इथे सगळ्यांना देवाचा आवाज ऐकू येतो, मला येत नाही. मावशीने उत्तर पाठवलं, प्रार्थना कर. त्याने लिहिलं, केली. तिने लिहिलं, अजून कर. तिसऱ्या वर्षी एका सकाळी तो होस्टेलातून गेला. ट्रंक तिथेच राहिली. घरी आला नाही, कुठेच आला नाही.

"मी त्याला एकदा पण लिहिलं नाय, की जमत नसेल तर ये परत. तेवढं एक वाक्य सुचलं नाय. शास्त्रातली सगळी सुचली."

त्याची आई त्यानंतर सात वर्षं जगली. मावशी सुट्टीवर आली की मंडळीच्या देवळात मावशी ज्या बाकावर असेल त्याच्या पुढच्या बाकावर बसायची आणि मागे वळून बघायची नाही.

तिसरा पावसाळा संपला तेव्हा माझं पाचारण उरलेलं नव्हतं. मला उपदेश करायचा नव्हता, लिहायचं होतं. मी घाबरत तिला सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं. लिही." आणि पुढ्यात घावन टाकलं.

आता शारोनबद्दल.

शारोन संघात आली तेव्हा पंधरा वर्षांची होती. आई नव्हती. वडील अंजनवेलच्या बाजूला कंत्राटावर वेल्डर, पंधरवड्यातून एकदा घरी. अभ्यासात बरी, गळा गोड, आणि कुणी जरा मोठ्या आवाजात बोललं तरी जे सांगेल ते ऐकणारी. मावशी तिला सगळ्यांत जास्त कामं द्यायची आणि मुद्दाम विचारायची, "तुला काय वाटतं?" शारोन म्हणायची, "तुम्ही म्हणाल तसं." मावशी म्हणायची, "मी काय म्हणते ते मला ठाऊक आहे." ती दोन वर्षं हेच एक शिकवत होती. शारोनने एकदा 'मला नको' म्हणावं, यासाठी तिने तिला कारल्याची भाजीसुद्धा तीनदा वाढली. शारोनने तिन्ही वेळा खाल्ली.

मे महिन्यात केळशीला शिबिर झालं. मुंबईहून एक उपदेशक ब्रदर आले होते. तरुण, हसतमुख, कीबोर्ड वाजवणारे. वाईट माणूस नव्हता. दोन दिवसांत मुलं त्यांच्यासाठी वेडी झाली. शेवटच्या संध्याकाळी त्यांनी दिवे मंद करायला सांगितले आणि तेच शब्द उच्चारले. सर्वांनी डोळे मिटा. आमच्या संघाच्या मुलांनी मिटले नाहीत, त्यामुळे ते जरा गोंधळले. मग म्हणाले, "एक जीव आहे इथे. प्रभू मला दाखवतोय. रत्नागिरीची एक मुलगी."

शारोन रडत उठली. ब्रदरांनी तिला मंचावर बोलावलं, हात तिच्या डोक्यावर ठेवला आणि माईकवर म्हणाले, "रत्नागिरी आपली मुलगी देत आहे."

मावशी मागच्या खुर्चीवर होती. ती उठली आणि त्या गुडघ्यांनी मंचाच्या पायऱ्या चढली. तिला वेळ लागला. कीबोर्ड चालूच होता. तिने शारोनची नाडी धरली, पापणी खाली ओढून बघितली, आणि माईक जवळच असल्यामुळे पुढचं सगळ्यांना ऐकू गेलं.

"केव्हापासून जेवली नाहीस?"

"काल सकाळपासून. उपास."

"ब्रदर, आत्मा वेगळा नि चक्कर वेगळी. ह्या पोरीच्या ओठाला रंग नाय." मग शारोनला म्हणाली, "बाळा, खाली चल. आज काय ठरवायचं नाय. भात थंड होतोय."

सभा तिथे संपली.

पुढच्या रविवारी देवळाच्या फाटकावर लोक गटागटाने उभे होते. पवित्र आत्म्याच्या कामात अडथळा, हे शब्द मी त्या दिवशी पाच जणांच्या तोंडून ऐकले. मंडळीच्या कमिटीने मावशीला बोलावलं. तिने मंडळीपुढे माफी मागावी, नाहीतर तरुण संघ सोडावा. आणि शारोनचं बायबल स्कूलचं जूनमधलं नाव नक्की झालं होतं. ब्रदरांनी फोन करून सगळी व्यवस्था केली होती. शारोनच्या वडिलांनी पेढे वाटले होते.

मी पेटले. शिबिरांच्या अहवालात उभे राहिलेले मोजले जातात, नंतर पडलेले कुणी मोजत नाही. हे मला तेव्हाही खरं वाटत होतं, आजही वाटतं. मी दोन रात्री बसून पत्रक लिहिलं, दोनशे प्रती काढल्या आणि कमिटी बसण्याच्या आधीच्या रविवारी फाटकावर वाटल्या. 'आमच्या मुलांना कोण उभं करतं?' असं वर ठळक छापलं होतं. आत सगळं होतं. मिटलेले डोळे, पेटी, कोपराखालचा हात. दानिएलचं पूर्ण नाव होतं, आडनावासकट, आणि त्याच्या आईचंही. पुरावा नावासकट द्यावा असं मी पत्रकांतूनच शिकले होते.

एक प्रत घेऊन मी धावत मावशीकडे गेले. तिने चष्मा लावला आणि दोन्ही बाजू वाचल्या. मग कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"चांगलं लिहिलंस. दानिएलला विचारलंस?"

"तो कुठे आहे कुणाला माहीत आहे, मावशी?"

"तेच तर. जो सापडत नाय, त्याला न विचारता तू त्याला सगळ्यांपुढे उभा केलास." ती रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. "कोपराखाली हात घालायला तो माणूस शेजारी बसलेला लागतो असं मला वाटायचं. नाय लागत."

कमिटीत सेक्रेटरींनी माझंच पत्रक वाचून दाखवलं. ज्या बाईने एक मुलगा कायमचा घालवला, तिच्या हाती आपली मुलं कशी द्यायची, असा त्यांचा प्रश्न होता आणि पुरावा छापील होता. त्यांनी माफीचं विचारलं तेव्हा मावशी म्हणाली, "आत्म्याला अडवायची माझी ताकद नाय. पोरीला जेवायला नेलं. त्याची माफी कशी मागायची ते तुम्ही सांगा, मी तसं म्हणते." संघ तिच्याकडून गेला. मंडळीचे पाळकसाहेब तिला घरापर्यंत सोडायला आले, असं तिनेच मला सांगितलं.

मी म्हटलं, "आता तरी शारोनला सांगा, जाऊ नको म्हणून. ती तुमचं ऐकेल."

"म्हणूनच सांगायचं नाय. माझं ऐकून थांबली, तर त्याने काय वेगळं होईल?"

"मग ती जाईल."

"जाईल."

त्यानंतरच्या शनिवारी दुपारी मी त्या रस्त्याने गेले तर पुढच्या खोलीचं दार उघडं होतं. चटया घातलेल्या होत्या. मुलं कुणी नव्हती, मावशी एकटीच होती. ती भिंतीकडे बघत बसली होती आणि तिचे ओठ हलत होते. डोळे उघडे होते. मी आत गेले नाही. हे लिहितानाही मी दानिएलला विचारलेलं नाही. त्याचं आडनाव या वेळी लिहिलं नाही, एवढंच केलं आहे. कुठे तरी कुणाच्या हाती ते जुनं पत्रक असेल, या विचाराने मी अजून झोपेतून उठते.

मावशी त्याच वर्षी नाताळाच्या आधी गेली. मी तेव्हा पुण्यात नोकरीला होते आणि मातीला पोचू शकले नाही. शारोन अजून शिकते आहे. तिची पत्रं मला येतात. बरी आहे असं लिहिते. मी उत्तरात तिला काही शिकवत नाही. तिच्या खोलीच्या दाराबद्दल विचारते, खिडकीबद्दल, जेवणात काय असतं ते.

मी मावशीला शेवटचं पाहिलं ते जूनमध्ये, एसटी स्टँडवर. बायबल स्कूल मिरजेला होतं, शारोनची तिकडची गाडी दुपारी होती. वडिलांना कामावरून सुटी मिळाली नव्हती, म्हणून तिची बॅग घेऊन मी गेले होते. संघातली पाचसहा मुलं आली होती, कमिटीचे सेक्रेटरीही हार घेऊन आले होते. मावशी छत्री टेकत आली आणि सरळ शारोनपुढे उभी राहिली. सेक्रेटरी बाजूला सरकले.

शारोन म्हणाली, "मावशी, जाऊ ना?"

"ते मला नको विचारू." मग मावशीने आवाज जरा वाढवला. सेक्रेटरींनाही ऐकू जावा एवढा. "मला एक सांग. उद्या नाय जमलं, परत यावंसं वाटलं, तर कुठं येशील?"

"घरी कशी येणार? पप्पांनी पेढे वाटलेत."

"मग माझ्याकडे ये. केव्हा पण. का आलीस ते मी विचारायची नाय. मी नसले तर हिच्याकडे." तिने माझ्याकडे बोट केलं. मला आधी विचारलं नव्हतं. "ऐकलंस? म्हणून दाखव."

शारोनने ते म्हणून दाखवलं. पहिल्यांदा नीट आलं नाही, मावशीने पुन्हा म्हणायला लावलं. मग गाडी लागली. मुलांनी गाणं म्हटलं, सेक्रेटरींनी हार घातला, खिडकीतून हात हलला आणि गाडी फाटकातून बाहेर वळली.

मुलं पांगली. मी मावशीला रिक्षापर्यंत न्यावं म्हणून वळले तर ती जागेवर नव्हती. ती चौकशीच्या खिडकीपाशी रांगेत उभी होती. तिच्यापुढे चार माणसं होती. नंबर आला तेव्हा तिने पिशवीतून पेन काढलं आणि एका पाकिटाची मागची बाजू खिडकीच्या कडेवर सपाट केली.

"घाटावरच्या गाड्यांची वेळ सांगा."

"कुठं जायचंय आजी?" आतल्या माणसाने विचारलं.

"जायचं नाय मला. येणाऱ्या सांगा. मिरजेकडून इथं येणाऱ्या, दिवसाच्या नि रात्रीच्या, सगळ्या."

तो माणूस एकेक वेळ वाचून सांगू लागला. मागे रांग वाढत होती आणि कुणीतरी कुरकुरत होतं. ती हळूहळू, एकही न गाळता, लिहून घेत होती.